बाबांची गूंज मी कमी केली

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात राहण्यासारखी खोली एकच होती. ग्वाल्हेरच्या माधवगंजातलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. दुपारी बारानंतर छत तापायचं, आणि मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. त्या खोलीला बाहेरची खिडकीच नाही, त्यामुळे तिथे कूलर लावायची सोय नाही. पुढच्या खोलीला एक खिडकी, त्या खिडकीत एक कूलर. बाहेर लू, म्हणजे उन्हाळी गरम वारे, सुरू झाली की दार लावून, पडदे ओढून बाबा आणि मी तिथे बसायचो ते थेट संध्याकाळी सहापर्यंत. बाबा दिवाणावर, मी कोपऱ्यातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून.

मी पुण्याहून आले होते दोन महिन्यांसाठी. बाबा जिन्यात पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. आई आधीच गेली होती, आणि मी एकुलती एक. माझं काम विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायचं. कागद अपुरे असतील तर लोकांना फोन करून मागवायचे. ते घरून करायची परवानगी ऑफिसने दिली. पुण्यात मैत्रिणीबरोबर भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमधली माझी खोली तशीच ठेवून, एक बॅग घेऊन मी निघाले. त्या दोन महिन्यांना त्या उन्हाळ्यात दोन वर्षं झाली होती. बाबा काठी घेऊन चालायला लागले होते, पण जिना एकट्याने उतरत नव्हते. म्हणजे ते खाली उतरले तर मी बरोबर, आणि मी कुठे गेले तर ते वर अडकलेले. भाजी आणायला गेले तरी घड्याळाकडे डोळा.

बाबा हवाईयन गिटार वाजवतात. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत. तरुणपणी सरकारी नोकरी सांभाळून ते इथल्या एका ऑर्केस्ट्रात होते. खुबा मोडल्यावर महिनाभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, तेव्हा मीच त्यांच्यासाठी एक डिजिटल प्रोसेसर मागवला. हातभर लांबीची चपटी पेटी. एका बाजूने गिटारची वायर खुपसायची, दुसऱ्या बाजूने स्पीकरची. मधल्या मधे आवाजाचं हवं ते करता येतं. तो जाड करता येतो, थरथरता करता येतो, मोठ्या हॉलमध्ये वाजवल्यासारखा घुमवता येतो. या घुमण्याला यंत्रात रिव्हर्ब म्हणतात. बाबा म्हणायचे, गूंज. ग्वाल्हेरातल्या आमच्यासारख्या घरांत मराठीत हिंदी कधी मिसळली जाते ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

पेटी आली आणि बाबा उठून बसले. आठवड्याभरात त्यांनी तिचं पुस्तक पालथं घातलं, निदान पहिली वीसेक पानं तरी. प्रत्येक गाण्यासाठी आवाजाची वेगळी जुळणी करून ती साठवून ठेवता येते, तिला पॅच म्हणतात. बाबांनी चाळीसेक पॅच बनवले आणि प्रत्येकातले आकडे एका वहीत नीटनेटक्या अक्षरात उतरवले. थरथर किती, प्रतिध्वनी किती, गूंज किती. गूंज सगळीकडे भरपूर.

त्यांना कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत मशीन आहे. हेडफोन घातले की कानातली मशीन शिट्टी मारायला लागतात, म्हणून हेडफोनचा प्रश्नच नव्हता. स्पीकर लागायचा, आणि तो त्यांच्या कानांना पुरेल इतका मोठा.

जेवण झालं की दोन ते चार ते वाजवायचे. आता मला न्यायाने सांगायला हवं की ते वाईट वाजवत नव्हते. मला त्रास व्हायचा तो त्या गूंजेचा. सूर संपायचाच नाही. एक विरायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर येऊन पडायचा, वर कूलरची घरघर, आणि दार-खिडक्या बंद असलेल्या त्या खोलीत सगळं पाण्यासारखं साचत जायचं. चार वाजता ते थांबले तरी माझ्या डोक्यात ते पाणी उतरायला तास लागायचा.

मी सांगून पाहिलं होतं. "बाबा, जरा गूंज कमी करा ना. मला फोनवर बोलायचं असतं."

"हो हो," म्हणत त्यांनी समोरच्या पॅचमधला आकडा खाली आणला. दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं, दुसरा पॅच, पुन्हा तेच. मी परत म्हटलं तर म्हणाले, "एकेक करून चाळीस ठिकाणी बदलू काय? आणि सूर ऐकू नाही येऊन राहिला मग मला. कांडी उचलली की हातातून सुटून जातो. गूंज असली की पकडता येतो."

"पण मला कामच करता येत नाही."

"तू मागे बस की मग."

मागे भट्टी पेटलेली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी लॅपटॉपकडे वळले. आमच्या घरात भांडण असं मधेच सोडून द्यायची पद्धत आहे.

मग एका दुपारी मी नाशिककडच्या एका बाईंना फोन लावला. त्यांचे यजमान गेले होते आणि दाव्यासोबत मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता. मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारत होते. मागे बाबांनी एक जुनं, नाचाचं गाणं धरलेलं. बाई मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे लग्न आहे का?"

मी म्हटलं, "नाही हो, माफ करा."

"नाही, असू द्या. चांगलं वाजतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भरून आला. फोन ठेवल्यावर मी बाबांकडे वळून पाहत बसले. ते पुढे वाकून, डोळे मिटून, कांडी सावकाश वर नेत होते. मला त्यांचा इतका राग आला की माझी मलाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले. स्टुलावर बसून करतात, अर्धा तास लागतो. मी यंत्राचं पुस्तक काढलं आणि बाबा जिथे थांबले होते त्याच्या पुढची पानं वाचली. शेवटाकडे एक छोटा भाग होता. ग्लोबल नावाचा एक मेनू, त्यात दोन ओळी. एक रिव्हर्बची, दुसरी बाकीच्या सगळ्या इफेक्टची. तिथे शंभराचा आकडा कमी केला की यंत्रातल्या एकूण एक पॅचमध्ये ती गोष्ट तितक्या प्रमाणात कमी होते. पॅचमधले स्वतःचे आकडे मात्र जसेच्या तसे राहतात. हे मुळात कार्यक्रमांसाठी केलेलं असतं. एखादा हॉल आधीच फार घुमत असेल तर प्रत्येक जुळणी बदलत बसायला नको, एकाच जागी सगळ्यांची गूंज उतरवायची.

मी रिव्हर्ब शंभरावरून चाळीसवर आणला. बाकीचे इफेक्ट साठवर. न्हाणीघरात अजून पाणी पडत होतं. मी पुस्तक होतं तसं कपाटात ठेवलं आणि कणीक मळायला घेतली.

दोन वाजता बाबांनी वाजवायला सुरुवात केली आणि दोन ओळींतच थांबले. वही उघडून त्यांनी पॅचमधले आकडे पडताळले. आकडे बरोबर होते. कानातलं डावं मशीन काढून बॅटरी बदलली. पुन्हा वाजवलं. उजव्याची बदलली. माझ्याकडे वळून म्हणाले, "काही फरक वाटून राहिला आवाजात?"

मी हेडसेट एका कानावरून बाजूला केला. "कसला फरक?"

"गूंज."

"मला तर तसंच वाटतंय," मी म्हटलं.

ते वाक्य मी किती सहज बोलले ते मला अजून आठवतं. फोनवर लोकांना सांगायची सवय असते ना तसं. खरं तर खोलीत हवा आली होती. सूर सुरू व्हायचा आणि संपायचा, मधे जागा असायची. त्या दिवशी मी दोनऐवजी सात फाइली हातावेगळ्या केल्या.

तीन-चार दिवस असे गेले. मग बाबांनी एकेका पॅचमधली गूंज वाढवायला घेतली. वहीतले जुने आकडे खोडून शेजारी नवे लिहिले. दुपारच्या आवाजात पुन्हा पाणी भरायला लागलं. पुढच्या आंघोळीच्या वेळी मी ग्लोबलमध्ये जाऊन चाळीसाचे वीस केले. त्यांनी आणखी वाढवलं, शेवटी सगळे पॅच वरच्या टोकाला जाऊन पोचले. मी विसाचे दहा केले. त्यांना एका बाजूने जे चढवता येत होतं ते मी दुसऱ्या बाजूने उतरवत होते, आणि त्यांना दिसत होती ती फक्त त्यांचीच बाजू.

एवढ्यावर सांगून टाकता आलं असतं. पण रोज एक दिवस वाढत होता. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती खोडी ठरली असती. दहाव्या दिवशी तिला काय म्हणायचं? मी मनाशी ठरवायची, आज चहाच्या वेळी सांगू. चहा व्हायचा, बाबा कपबशी खाली ठेवायचे, मी ती उचलून न्यायची.

मग त्यांनी वाजवणं सोडलं. काही जाहीर केलं नाही. गिटार तिच्या पेटीत ठेवली, पेटी दिवाणाखाली सरकवली. दोन ते चार ते कूलरकडे तोंड करून बसू लागले. मला हवी होती ती शांतता मिळाली होती आणि तिच्यात एक शब्दही वाचता येत नव्हता. दोनदा मी त्यांना कानाशी चुटक्या वाजवताना पाहिलं. एकदा म्हणाले, "तू तिकडे दाराशी उभी राहा. हळू आवाजात दहा शब्द बोल, काहीही. मी सांगतो किती ऐकू आले ते."

मी दाराशी उभी राहून बोलले. भात, चादर, किल्ली, सुपारी. त्यांनी सहा ओळखले.

"पहिले किती यायचे?" त्यांनी विचारलं.

पूर्वी आम्ही असं कधी केलंच नव्हतं. "एवढेच," मी म्हटलं.

दोन दिवसांनी ते स्वतःहून म्हणाले, "मला कानवाल्यांकडे घेऊन चल."

इंदरगंजात एका दुकानाच्या वर कानाच्या तपासणीचं केंद्र आहे. जिना चढायला आम्हाला दहा मिनिटं लागली. तिथल्या मुलीने बाबांना काचेच्या बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. एवढ्याशा खोलीत, डोक्याला हेडफोन, हातात बटण, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. कधी कधी काहीच वाजत नसतानाही ते घाईने बटण दाबत होते.

मुलीने आधीचा आणि आताचा आलेख शेजारी-शेजारी ठेवले. "अंकल, कुछ नहीं बदला. बिलकुल वैसा ही है. मशीन भी ठीक हैं."

बाबांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. "पक्का?"

"पक्का, अंकल."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. खाली येऊन रिक्षात बसलो, आणि त्यांनी काठी गुडघ्यांत धरून माझ्याकडे न बघता म्हटलं, "म्हणजे कान नाहीत. डोकं आहे."

"काय?"

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. चव कळेनाशी झाली आधी. सगळं फिकं लागायचं तिला. मग माणसं ओळखेना. बघितलंय मी." मग म्हणाले, "तू किती वर्षं काढणार इथे माझ्यापायी?"

रिक्षा चौकात येऊन अडकली होती. पुढे बस, दोन्ही बाजूंना मोटारसायकली, सगळे हॉर्न वाजवताहेत. ऊन डोक्यावर. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही. गूंज मी कमी केली होती."

"हां?"

"गूंज! मी कमी केली!"

"ऐकू नाही येऊन राहिलं," ते कानामागे हात धरून म्हणाले.

मग मी ओरडले. इंदरगंजच्या भर चौकात, बंद पडलेल्या गर्दीत, बेंबीच्या देठापासून. "तुमचे कान ठीक आहेत! डोकं ठीक आहे! मी मशीनमध्ये गूंज कमी करून ठेवली! मी! पंधरा दिवस झाले!"

शेजारच्या मोटारसायकलवरच्या दोघांनी वळून पाहिलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रिक्षावाला आमच्या लष्कर भागातलाच असणार, त्याला मराठी समजत होती. तो मागे वळला आणि मदत करावी तसा म्हणाला, "अंकल, दीदी कह रही हैं कि आवाज़ इन्होंने ही कम कर दी थी."

"सुन लिया, भैया," बाबा म्हणाले. "चलो."

घरी आल्यावर त्यांनी कानातली दोन्ही मशीन काढली आणि डबीत ठेवली. डबी कुर्त्याच्या खिशात. त्यानंतर दोन दिवस ती बाहेर निघाली नाही. मी ताट वाढलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे. मी समोर जाऊन काही बोलले तर माझ्या खांद्यापलीकडे बघायचे. आणि कूलर एकच, खोली एकच. बाराला दार लागायचं आणि सहापर्यंत मी त्यांच्याबरोबर तिथे कोंडलेली असायची. दार उघडून निघून जावं असं वाटायचं, पण कुठे? खाली लू, वर गच्ची, आणि पुणं तर असं दूर गेलेलं की तिथली माझी खोली डोळ्यांसमोर आणताना पलंग कुठल्या भिंतीला होता तेही मला नीट आठवेना.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी डबी काढली. दोन्ही मशीन कानांत बसवली, दिवाणाखालून गिटारची पेटी ओढली, प्रोसेसर टेबलावर माझ्या लॅपटॉपशेजारी आणून ठेवला.

"दाखव."

मी दाखवलं. ग्लोबल, दोन ओळी, दोन आकडे. रिव्हर्ब दहा पाहून त्यांनी भुवया उचलल्या.

"दहा?"

"तुम्ही वाढवत होतात ना."

ते हसले नाहीत. पुस्तकातलं ते पान त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. मग स्वतः बटण फिरवून शंभरावर नेलं आणि एक ओळ वाजवली. चढवून ठेवलेल्या पॅचमुळे खोली अशी काही दणाणली की दोघंही दचकलो. त्यांनी हाताने तारा दाबल्या.

"मला बोलायचं होतंस," ते म्हणाले.

"बोलले होते मी. दोनदा."

"गूंजेबद्दल बोललीस. तुला जायचंय हे नाही बोललीस."

मी लॅपटॉप मिटला.

"जायचंय ना?"

"हो," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि मग थांबवताच येईना. की मला रोज सकाळी उठल्यावर इथेच आहोत हे आठवून परत डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. की भाजीवाल्याकडे उभी असताना मी मिनिटं मोजते. की नाशिकच्या त्या बाईंनी मला काय विचारलं. मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून ते सगळं भांडल्यासारखं निघत होतं. खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल.

बाबा काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला पण जायचंय. जिन्याखाली. रोज. मी कुठे बोललो?"

मी उठून पाणी आणलं.

पुढे जे झालं ते फार मोठं नाही. जवळच्या गल्लीत परीक्षांच्या तयारीची मुलं पैसे भरून बसतात अशी एक अभ्यासिका आहे, तिला इथे सगळे लायब्ररी म्हणतात. तिथे एसी असतो. मी दुपारी दोन ते चार एक खुर्ची घेतली. फोन करायचे असले की बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन करायचे. बाबांनी चाळीसच्या चाळीस पॅच वहीतल्या जुन्या आकड्यांवर परत आणले, त्याला त्यांना चार दिवस लागले. ग्लोबलमध्ये मी घरात असले की साठ, मी बाहेर पडले की शंभर, हे त्यांनीच ठरवलं. साठाला ते कुरकुरतात. शंभराला मी जिन्यातूनच पळ काढते. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही जिना उतरतो, रोज, आणि रिक्षाने फूलबागेपर्यंत जाऊन बाकावर बसतो. काही दिवस ते त्या अठरा पायऱ्यांना इतके घाबरतात की मधेच बसून घेतात. मग मीही शेजारी बसते आणि वरून-खालून जाणाऱ्यांना वाट देत राहते.

पुण्याला जायचं झालं नाही. दिवाळीनंतर मैत्रिणीचा फोन आला, खोली दुसऱ्या कुणाला देऊ का म्हणून. मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसले होते. दे म्हटलं. फोन ठेवला तरी मी तिथेच बसून होते. मागून एक मुलगा पुस्तकं सावरत आला आणि "एक्सक्यूज़ मी, दीदी" म्हणाला, तेव्हा सरकून बसले.

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला न विचारता केलंस ना?"

"हो."

"बरं केलंस. नाहीतर उद्या माझ्या नावाने रडली असतीस."

"ते तर तरीही रडेन," मी म्हटलं.

"रड की," बाबा म्हणाले. "पण मोठ्याने रड, म्हणजे मला कळेल."